दिलं किती, मागितलं किती?

शनिवारी रात्री आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. माझा कॉलेजात जाणारा मुलगा आणि त्याचे तीन-चार मित्र टीव्हीसमोर ठाण मांडून बसतात. इंग्लंडमधली फुटबॉल मॅच चालू असते. मी चहा-पोहे घेऊन गेले की कानावर एकच वाक्य येतं, "हा मॅनेजर हाकलला पाहिजे!"

मला आधी वाटायचं, मॅनेजर म्हणजे बँकेतल्यासारखा कुणीतरी साहेब. मग कळलं की तिकडे संघाच्या प्रशिक्षकालाच मॅनेजर म्हणतात. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, कुठला खेळाडू विकत घ्यायचा, या सगळ्यात त्याचा शब्द असतो. म्हणून हरलं की पहिला दगड त्याच्यावर. "इतके पैसे ओतले, तरी सहावा नंबर?" "त्याला वेळ तरी द्या रे!" "किती वेळ? पाच वर्षं?" मी मध्ये काही बोलले की चिरंजीव म्हणतात, "आई, तुला नाही कळणार." मीही हसून सोडून द्यायचे. कुठलं मँचेस्टर आणि कुठलं पनवेल!

पण मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात हाच वाद माझ्याच दारात येऊन उभा राहिला.

आमच्या महिला मंडळातर्फे दोन वर्षांपासून आठवी-नववीच्या मुलींसाठी फुटबॉलचा सराव चालतो. चौदा मुली आहेत. कुणाची आई पोळीभाजी केंद्रात काम करते, कुणाचे वडील रिक्षा चालवतात. शिकवणारे सर सव्वीस वर्षांचे. दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानावर येतात. यंदा पहिल्यांदाच आम्ही मुलींना स्पर्धेत उतरवलं आणि तिन्ही मॅच हरलो. एक तर चार गोलांनी. लगेच पालकांची सभा भरली. "सरांना जमत नाहीये. नवे सर आणा," एक बाबा म्हणाले. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही डोलावली. सर दाराशीच उभे होते. खांद्यावर चेंडूंची जाळी, नजर खाली. निर्णय पुढच्या रविवारी घ्यायचं ठरलं.

घरी येऊन मुलाला हे सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल, हाकला. तो म्हणाला, "आई, खालिद जमीलचं माहितीये का तुला?"

मला कुठून माहीत असणार! मग त्यानं जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर खेळलेले. नंतर मुंबई एफसी नावाच्या संघाचे ते बरीच वर्षं प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, मोठे खेळाडू नाहीत. तरी दरवर्षी त्यांनी संघाला आय-लीगमधून खाली घसरू दिलं नाही. लोक म्हणायचे, नुसतं वाचतात, जिंकत कुठे आहेत? २०१६ मध्ये त्यांचं आणि संघाचं नातं संपलं. ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. तो छोटा संघ आदल्याच हंगामात खाली घसरला होता, मोठ्या मुश्किलीनं त्याला परत जागा मिळाली होती. पुढच्याच म्हणजे २०१६-१७ च्या हंगामात आयझॉल आय-लीगचा विजेता झाला! आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात तळाला जाऊन लीगबाहेर. 'नुसतं वाचणं' म्हणजे केवढं काम होतं, ते वाचवणारा गेल्यावर कळलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये हेच खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. सुरुवातीला कौतुक झालं. मग ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून भारत हरला, २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली, आणि लगेच बोटं त्यांच्याकडे वळली. पण त्या पात्रता फेरीतल्या पहिल्या दोन मॅच ते येण्याआधीच्या होत्या. त्यात एक बरोबरी आणि एक हार. नव्या सुनेनं घरात पाऊल ठेवल्यावर आधीच्या उधारीचं बिल तिच्या हातात द्यावं, तसंच की हे! चुका त्यांच्याही झाल्या असतील. पण हिशेब मांडायचा तर पहिल्या पानापासून मांडायला हवा.

मुलगा रंगात आला होता. म्हणाला, गोव्याचं बघ. सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक एफसी गोवा संघाला छान खेळवत होते. २०२० च्या सुरुवातीला संघ गुणतक्त्यात वर असतानाच त्यांना निरोप मिळाला. पुढच्या हंगामात ते मुंबई सिटीकडे आले आणि २०२०-२१ मध्ये लीगची ढाल आणि चषक, दोन्ही एकाच वर्षी मुंबईला मिळवून दिले.

मी विचारलं, "मग सगळी करामत लोबेरांचीच का?" त्यावर तो जरा थांबला. म्हणाला, "तसं नाही. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या कंपनीनं मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला होता. पैसा आला. लोबेरांच्या पाठोपाठ गोव्याचे बिनीचे खेळाडूही आले." मी म्हटलं, "बघ, म्हणजे आधी किराणा किती भरलाय ते बघायचं आणि मग स्वयंपाकाला नावं ठेवायची." त्यावर मात्र चिरंजीव 'तुला नाही कळणार' म्हणाले नाहीत.

त्या रात्री डायरी काढली आणि आमच्या सरांचा हिशेब मांडला. मंडळाचं मानधन महिना तीन हजार. चेंडू चार, त्यातल्या एकाची हवा टिकत नाही. मैदान क्रिकेटच्या मुलांनी सोडल्यावर, म्हणजे जेमतेम तासभर. पावसाळ्यात चिखलामुळे दोन महिने सराव बंद. समोरचे संघ रोज सराव करणारे. हे झालं देणं. आता मागणं? तिथे तर डायरीचं पान कोरंच राहिलं. आम्हाला कप हवा की मुली मैदानावर टिकायला हव्यात, हे आम्ही सरांना कधी सांगितलंच नव्हतं. अपेक्षा सांगितली नाही, पण ती पुरी झाली नाही म्हणून शिक्षा मात्र द्यायला निघालो होतो.

शिवाय एक गोष्ट सभेत कुणाच्या लक्षात आली नाही. आपल्याकडे मुलगी संध्याकाळी मैदानावर जाते ती खेळाच्या भरवशावर नाही, माणसाच्या भरवशावर जाते. हे सर घराघरांत जाऊन आज्यांशी बोलले होते. सराव संपला की शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत ते हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चार घरी जाऊन आले. दोन घरी उत्तर आलं, "नवे सर कोण, कुठले? मग राहू दे ताई. दहावीचं वर्ष पण येतंय." म्हणजे सर बदलले असते तर टीम सुधारायच्या आधी टीमच राहिली नसती.

पुढच्या रविवारी मी डायरीचं ते पान सभेत वाचून दाखवलं. आधी माझी मागच्या आठवड्यातली चूकही कबूल केली. मग म्हटलं, आपल्या शेजारचं नेरूळ आठवा. पनवेलहून लोकलनं थोड्याच स्टेशनांवर डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथे आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच स्पर्धेत आधी त्या दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून ओळीनं तीन मॅच हरल्या होत्या. प्रशिक्षक होते आपल्या मुंबईचे अमोल मुझुमदार. तीन पराभवांनंतर आपल्यासारखी सभा भरली असती तर?

एक ताई पटकन म्हणाल्या, "म्हणजे कुणाला कधी काढायचंच नाही का?" प्रश्न रास्त होता. काढायचं ना! सर वेळेवर येत नसतील, मुलींना टाकून बोलत असतील, तर जाब विचारायचा. आणि कुणाची नजर किंवा हात वाईट असेल, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, तिथे कसला हिशेब? पण नुसती हार हा गुन्हा नाही. मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये आले आणि पहिला कप मिळायला १९९० उजाडलं. पुढे २०१३ पर्यंत ते तिथेच राहिले. सगळेच फर्ग्युसन निघत नाहीत हेही खरं. म्हणून आंधळा भरवसा नको, तसा एका रात्रीत निकालही नको. काय देणार, काय मागणार आणि कधी तपासणार, हे आधी सांगून ठेवावं, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही.

शेवटी मार्चपर्यंतची मुदत ठरली. तीन गोष्टी कागदावर लिहिल्या. चौदाच्या चौदा मुली टिकाव्यात, चार नव्या याव्यात आणि प्रत्येकीला प्रत्येक स्पर्धेत थोडा वेळ तरी खेळायला मिळावं. आमच्या बाजूनं सहा नवे चेंडू आणि मानधनात एक हजाराची वाढ. दोन पालकांना हे पटलं नाही, त्यांनी मुलींना काढून घेतलं. त्याची रुखरुख आहे. त्या दोन्ही घरी मी पुन्हा जाणार आहे.

मैत्रिणींनो, आपण स्वतः आयुष्यभर याच तराजूत तोलल्या जातो. हातात पैसे किती दिले हे कुणी विचारत नाही, भाजीत मीठ कमी पडलं हे मात्र सगळ्यांना कळतं. हे ज्या सोसतात, त्यांनी तरी बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंना, शाळेतल्या बाईंना, घरात आलेल्या सुनेला तोलताना दुसरं पारडं रिकामं ठेवू नये.

आमची टीम अजून एकही मॅच जिंकलेली नाही. मागच्या रविवारी एक-एक अशी बरोबरी झाली. शिट्टी वाजल्यावर मुली सरांकडे धावत सुटल्या, तेव्हा कठड्यावर बसलेले ते 'नवे सर आणा' म्हणणारे बाबाही टाळ्या वाजवत होते.