पाऊस पडायच्या आत सहा हजार आठशे रुपये हवे आहेत

गावातले रहिवासी, मे महिन्यासाठी मुंबई-पुण्याहून आलेले चाकरमानी आणि तालुक्याच्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले सगळे माजी विद्यार्थी, तुम्हा सगळ्यांना ही विनंती आहे. विनंती तातडीची आहे, कारण तिला पावसाची मुदत आहे.

माझ्यासमोर विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा अर्ज आहे. लांजा तालुक्यातल्या आपल्या गावच्या बारा विहिरींची पाणीपातळी तिला वर्षभर, दर पंधरवड्याला मोजायची आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल लागला की टँकर का येतो, हा तिचा प्रश्न. कुठली विहीर आधी आटते, कुठली तग धरते, शेजारच्या चिरेखाणीचा त्याच्याशी काही संबंध आहे का, हे तिला आकड्यांत मांडायचं आहे. खर्चाचा कागद तिनं स्वतःच्या हातानं लिहिलाय. वजन लावून विहिरीत सोडायची टेप ६००, पाण्यातले क्षार मोजणारं खिशात मावेल असं मीटर १५००, नमुन्यांच्या बाटल्या ४००, प्रयोगशाळेत तपासणी २७००, वाड्यांवरच्या फेऱ्या आणि रत्नागिरीला नमुने पोचवण्याचं एसटीभाडं १६००. भाड्यापुढे कंसात लिहिलंय, ‘महिलांचं अर्धं तिकीट धरून’. इतका चोख हिशेब मोठमोठ्या प्रकल्पांच्या प्रस्तावांतही क्वचित दिसतो.

मे महिन्याच्या अखेरीस विहिरीतलं पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं आणि ७ जूनच्या आसपास कोकणात पाऊस उतरतो. पहिलं माप त्याआधी घेतलं नाही तर तळाचा आकडा हाती लागायला आणखी एक वर्ष थांबावं लागेल. तोवर ती तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसलेली असेल.

दुसरा अर्ज सड्यावरच्या फुलांचा. दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गी वनस्पती कोकणातल्या जांभ्या कातळाच्या सड्यांवरच वाढते आणि पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस फुलते. अर्जदाराच्या गावचा सडा अर्धा चिऱ्यासाठी कापला गेलाय. उरलेल्या अर्ध्यावर दीपकाडी कुठे आणि किती आहे, हे त्याला नोंदवायचं आहे. तो सडा पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही.

‘पदवीच्या पोरांचं कसलं आलंय संशोधन?’ असं कुणी विचारलं तर मला राग येत नाही. प्रश्न रास्त आहे. महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागल्या वर्षीचा प्रकल्प मिळतो, मुखपृष्ठावरचं नाव बदललं की काम होतं, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंगही तोच करून देतो. पण मुलांना नक्कल का करावी लागते? खरी मोजमापं करायला पैसे लागतात, नकलेला लागत नाहीत. आणि गावपातळीवरची जाणकारी कुठवर पोचते याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. सड्यावरची कातळशिल्पं शोधण्यात आणि नोंदवण्यात स्थानिक हौशी अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पायपीट केली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आता धोरणच संशोधन मागतं आहे. नव्या शैक्षणिक आराखड्यात चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे, मात्र पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील त्यांनाच. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला दाखल झालेली तुकडी २०२७-२८ मध्ये तिथे पोचेल. माझं मत विचाराल तर तोवर थांबणं चूक आहे. मोजमापाची गोडी दुसऱ्या वर्षीच लागते, आणि ती लागलेली मुलं ७५ टक्केवालीच असतात असं कुणी सांगितलं? म्हणून या मदतीला गुणांची अट नको.

सरकारी निधी नाहीच असं नाही, पण त्याची चाल वेगळी. नऊशे रुपयांच्या वस्तूला तीन दरपत्रकं मागवा, आधी खर्च करा, मग बिलं लावा, आणि पैसे येतात मार्चअखेरीस. आंब्याच्या हंगामात बापाबरोबर पेट्या भरणाऱ्या मुलानं पदरचे सात हजार आधी कुठून घालायचे? लहान मदतीचं सगळं बळ ती आगाऊ मिळण्यात आहे. एवढं एक जमलं तर बाकी आमचं आम्ही बघू.

तेव्हा मागणं असं. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात १५ मेच्या आत जा. हे आमच्याच महाविद्यालयापुरतं नाही. राजापूर असो, संगमेश्वर असो वा जव्हार, परिस्थिती थोड्याफार फरकानं हीच आहे. एका विद्यार्थ्याचा खर्च उचला, पाच ते सात हजार. ज्यांना जमेल त्यांनी एक लाखाची ठेव ठेवावी. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी दरवर्षी एका मुलाचा प्रकल्प त्यातून निघतो. संगमरवरी पाटीवर नाव कोरण्याइतके हे पैसे नाहीत, आणि पाट्या आमच्याकडे भरपूर झाल्यात. त्याऐवजी मुलाचा अहवाल मागा, आणि तो मराठीत मागा, म्हणजे ग्रामपंचायतीलाही वाचता येईल.

चेक संस्थेच्या नावानं द्या आणि सोबत दोन ओळींचं पत्र जोडा: रक्कम फक्त विद्यार्थी संशोधनासाठी आहे, ती आगाऊ द्यावी, उरली तर पुढच्या वर्षी वापरावी. हे पत्र नसेल तर पैसे सर्वसाधारण खात्यात जातात आणि पंख्यांच्या दुरुस्तीत संपतात. करसवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता आहे का ते आधी विचारा. दोन हजारांवरची रक्कम रोखीनं देऊ नका, आणि ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते हेही लक्षात असू द्या. परदेशात नोकरी करणाऱ्या पण भारतीय नागरिक असलेल्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललेल्यांचे पैसे मात्र विदेशी देणग्यांची परवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतात.

पैसे द्यायला जमत नसेल तर वस्तू चालतील. घरात पडून असलेला चालू स्थितीतला लॅपटॉप, जुनी दुर्बीण, मोजणीची टेप. परसातल्या विहिरीवर दर पंधरवड्याला माप घेऊ द्यायला तयार असाल तर तेही कळवा. बारापैकी तीन विहिरींच्या मालकांनी अजून होकार दिलेला नाही.