पाठसंपादकाची आज्ञावली
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसृत केलेल्या ‘ग्नू ईमॅक्स’ या मजकूर-संपादन प्रणालीचा बराचसा भाग ‘लिस्प’ या संगणकभाषेत रचलेला आहे. त्याच भाषेत वापरणाराही तिला नव्या आज्ञा शिकवू शकतो. हा केवळ तंत्रज्ञांचा खटाटोप मानणे पाठसंपादकाला परवडणारे नाही. जुन्या ग्रंथातील ‘नाहीं’, ‘घरें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या नियमांनुसार हाताने पुसले, तर कोठे काय पुसले याचा मागमूस उरत नाही. (आपल्या किती प्रस्तावनांत हा तपशील असतो?) आज्ञावलीत मात्र नियम स्पष्ट लिहावाच लागतो. ‘शब्दान्तीचा अनुस्वार काढा’ एवढेच लिहिल्यास ‘स्वयं’चे ‘स्वय’ होते, आणि अपवाद नोंदवणे भाग पडते. ही आज्ञावली संपादित ग्रंथाच्या परिशिष्टात छापली जावी.