‘पार्श्वभूमी’ नावाचा चौकोन

महाविद्यालयीन शिक्षकांच्या एका कार्यशाळेत वाटलेली यादी या आठवड्यात माझ्या मोबाइलवर येऊन पडली. मथळा होता ‘जागतिक साहित्याच्या अभ्यासासाठी उपयुक्त संकेतस्थळे’. गाईडांवरच्या माझ्या आधीच्या लेखानंतर ‘आता गाईडं वापरतं कोण हो?’ असं ज्यांनी मला ठणकावून विचारलं होतं, त्यांनी ही यादी जरूर मिळवावी. गाईडं कुठेही गेलेली नाहीत. पिवळा पुठ्ठा टाकून ती पडद्यावर आली आहेत, आणि आता तर मास्तरच ती सुचवू लागले आहेत.

यादीत होमर आहे, पण टफ्ट्स विद्यापीठाचं ‘पर्सियस’ नाही. तिथे मूळ ग्रीक ओळीतल्या शब्दावर टिचकी मारली की त्याचं व्याकरण आणि कोशातला अर्थ समोर येतो. टागोर आहेत, पण जादवपूर विद्यापीठाचं ‘बिचित्रा’ नाही. दान्ते आहे, पण डार्टमथ दान्ते प्रकल्प नाही. जे आहे ते सगळं एकाच साच्यातलं : कथासार, पात्रपरिचय, आशयसूत्रं, संभाव्य प्रश्न. आणि सर्वांत वर, रंगीत चौकोनात, ‘सांस्कृतिक पार्श्वभूमी’.

कथासाराशी माझं भांडण नाही. परीक्षा जवळ आली की आपण सगळेच पापी. माझं भांडण त्या चौकोनाशी आहे.

दान्तेच्या ‘इन्फर्नो’चा पाचवा सर्ग घेऊ. नरकातल्या वादळात अखंड भिरकावल्या जाणाऱ्या आत्म्यांमधली फ्रान्चेस्का दान्तेशी बोलते. लॅन्सलॉटची प्रेमकथा सोबत वाचता वाचता दोघं कशी वाहवत गेली, ते सांगते. या प्रकरणातल्या तिघांपैकी नाव येतं ते तिचं एकटीचं. प्रियकराचं नाव नाही, मारणाऱ्याचंही नाही. मारणारा रक्ताच्या नात्याशी द्रोह करणाऱ्यांच्या कोठडीत जाणार, एवढं कळतं. दोघांमधलं दीर-भावजयीचं नातंही दान्ते पुढच्या सर्गाच्या सुरुवातीला ओझरतं सुचवून मोकळा होतो.

आता चौकोनात बघा. रिमिनीचा जियान्चोत्तो मालातेस्ता लंगडा आणि कुरूप होता. राव्हेन्नाच्या फ्रान्चेस्काला त्याचा देखणा भाऊ पावलो दाखवून लग्न लावलं. फसवणूक तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. पुढे नवऱ्याने दोघांना ठार मारलं. झाली ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’. विद्यार्थी ती पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो, तपासणारा बरोबरची खूण करतो. हे सांगितलं कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. सांगणाऱ्याचं नाव नसलेल्या मजकुराला गावात चव्हाट्यावरची कुजबुज म्हणतात. इथे तिला पार्श्वभूमी म्हणतात.

हाच सर्ग डार्टमथच्या संकेतस्थळावर उघडा. प्रिन्स्टनचे रॉबर्ट हॉलंडर यांनी 1982 मध्ये या कामाला हात घातला, म्हणजे इंटरनेट हा शब्दही घराघरांत पोचला नव्हता तेव्हा. दान्तेच्या महाकाव्यावरच्या सत्तरहून अधिक टीका तिथे आहेत. खंड निवडा, सर्ग निवडा, ओळीचा आकडा टाका. त्या ओळीवर सात शतकांत कोण काय म्हणालं, ते सनावळीसकट ओळीने हजर होतं. दान्ते 1321 मध्ये वारला. त्यानंतर वर्षभरातच त्याचा मुलगा याकोपो टीका लिहितो, रांग सुरू होते तिथून. रांगेच्या या टोकाजवळ खुद्द हॉलंडर उभे आहेत.

आता ती फसवणुकीची रसाळ हकिकत या रांगेत शोधा. पहिल्या टीकाकारांकडे ती सापडत नाही. ते नावं आणि नाती सांगतात आणि पुढे सरकतात. ती सविस्तर येते बोक्काच्चोकडे. 1373 मध्ये फ्लॉरेन्सने त्याला दान्तेवर जाहीर व्याख्यानं द्यायला नेमलं. आजारपणामुळे तो सतराव्या सर्गाशी थांबला, पण पाचवा सर्ग त्याने मनसोक्त सांगितला होता. म्हणजे दान्तेच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, आणि सांगणारा कोण, तर ‘डेकॅमेरॉन’कार! त्याच ‘डेकॅमेरॉन’चं दुसरं नाव ‘गालेओत्तो’. लॅन्सलॉटच्या कथेतला जो मध्यस्थ या पाचव्या सर्गात येतो, त्याचंच नाव त्याने आपल्या ग्रंथाला दिलेलं. गोष्ट रंगवण्याचा पिंड असलेल्या माणसाने रंगवलेली गोष्ट आपल्या चौकोनात इतिहास होऊन बसली आहे. याच टीकेत हा बोक्काच्चो म्हणतो, की दोघं एकत्र कशी आली याबद्दल दान्ते सांगतो ते बहुधा कल्पित असावं. एकाने दुसऱ्याला कल्पित म्हणायचं आणि आपण दोघांनाही इतिहास म्हणायचं!

कोलंबिया विद्यापीठाच्या ‘डिजिटल दान्ते’च्या संपादक टिओडोलिंडा बारोलिनी यांनी तर या प्रेमप्रकरणाबद्दल त्या काळच्या बखरी गप्प असल्याचं दाखवून दिलं आहे. जे आहे ते दान्तेपासूनच सुरू होतं. काव्य आधी आलं आणि पार्श्वभूमी त्यातून मागाहून उगवली. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा कुठलाही रंगीत चौकोन फसवू शकणार नाही. साहित्याच्या अभ्यासात याहून मोठं काही शिकवायचं असतं, असं मला वाटत नाही.

डार्टमथचं संकेतस्थळ दिसायला कसं आहे? एखाद्या जुन्या सरकारी अर्जासारखं. चित्रं नाहीत, संगीत नाही, ‘अभिनंदन, तुम्ही एक सर्ग पूर्ण केलात’ म्हणून उडणारे फुगे नाहीत. टीका लॅटिन, इटालियन किंवा इंग्रजीत आहेत, ज्या भाषेत लिहिल्या त्याच भाषेत. आपल्या विद्यार्थ्याला त्यातल्या सिंगलटन आणि हॉलंडर यांच्या इंग्रजी टीकांपासून सुरुवात करावी लागेल, आणि ते सोपं नाही. पण माझा जुना सिद्धांत वाचकांना ठाऊक आहेच : साइट जितकी चकचकीत, तितका मजकूर पातळ. पुरावा मागू नका, ती यादी बघा. आणि आता ‘यंत्राला विचारलं की सगळं कळतं’ म्हणणाऱ्यांची नवी फौज आली आहे. यंत्राने हे चौकोनच गिळलेले आहेत. ते दुसरं काय ओकणार?

‘परदेशात पैसा असतो’ हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. म्हणून जादवपूरचं उदाहरण. टागोरांच्या 150व्या जयंतीच्या निमित्ताने केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने पैसा दिला, सुकांत चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली काम झालं, आणि 2013 मध्ये ‘बिचित्रा’ सगळ्यांसाठी खुलं झालं. टागोरांची हस्तलिखितं, छापील आवृत्त्या, आणि एकाच कवितेचे दोन पाठ शेजारी ठेवून शब्दाशब्दाचा फरक दाखवणारी प्रणाली. पैसा दिल्लीचा, अक्कल कोलकात्याची. जयंत्या आपण काय कमी साजऱ्या करतो? आपल्याकडे जयंतीचा पैसा मांडवात जातो.

ज्ञानेश्वरी 1290 ची. दान्तेने महाकाव्य हाती घेतलं ते पुढच्या शतकात. दोघांनीही पंडितांची भाषा सोडून लोकांच्या भाषेत लिहिलं, दोघांच्याही हातची प्रत उरलेली नाही. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. राजवाड्यांनी 1909 मध्ये त्याआधीची म्हणून वेगळी प्रत छापली आणि वाद पेटवून दिला. त्यानंतर साखरेमहाराज आहेत, भिडे आहेत, सोनोपंत दांडेकर आहेत. म्हणजे डार्टमथसारखं काही उभारायला लागणारं सगळं आपल्या घरात आहे. मोबाइलवर ज्ञानेश्वरी हवी तितकी मिळते. वाचायला, ऐकायला, रोज सकाळी एक ओवी पाठवायलाही. पण ओवीचा आकडा टाकला की एकनाथांचा पाठ, राजवाड्यांचा पाठ आणि त्याखाली एकेक टीकाकार सनावळीने उभा राहील, असं साधन मला अजून कोणी दाखवलेलं नाही. जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस कोश इंटरनेटवर चाळायचा तर आपण शिकागो विद्यापीठाच्या दारात जातो. भाषेला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे मात्र आपण इथेच वाटले.

कार्यशाळा भरवणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. पुढच्या यादीतल्या प्रत्येक संकेतस्थळापुढे एक रकाना वाढवा : ‘हे कोण म्हणालं आणि कधी, ते इथे कळतं का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते नाव खोडा. यादी पाच-सहा ओळींची उरेल. तेवढी पुरे आहे.

– समासकर