चमच्याच्या पाठीवरचे शिक्के

चांदीचे तोडे मोडायला नेले की सोनार ते कसोटीवर घासून पाहतो, मान हलवतो आणि म्हणतो, "यात घट फार आहे हो." विकत घेताना याच चांदीला कोणी नाव ठेवलेले नसते. बी-बियाण्याच्या किंवा आजारपणाच्या नडीला गेलेला माणूस तिथे काय वाद घालणार? त्याच्या हातात पुरावाच नसतो.

हा पुरावा वस्तूच्याच अंगावर ठोकून ठेवायची रीत इंग्लंडात सातशे वर्षांची आहे. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला, की चांदीची वस्तू नाण्याच्या चांदीहून हिणकस असता कामा नये. म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेले बहुतेक तांबे. तांबे घालणे ही काही लबाडी नव्हे. निव्वळ चांदी मऊ. तिचा डाव भाजी वाढतानाच वाकायचा. लबाडी असते ती तांबे किती घातले हे लपवण्यात.

तपासून खऱ्या ठरलेल्या वस्तूवर बिबळ्याचे तोंड उठवू लागले. १३६३ पासून कारागिराची स्वतःची खूण आली. १४७८ पासून वर्षाचे अक्षर आले आणि १५४४ पासून चालता सिंह. लंडनमध्ये हे काम सोनारांच्या संघाच्या वाड्यात, म्हणजे हॉलमध्ये चाले. म्हणून त्या शिक्क्याला हॉलमार्क म्हणतात. तपासणी अशी : वस्तूचा थोडा कीस काढायचा, तोलायचा आणि हाडांच्या राखेच्या वाटीत शिशाबरोबर तापवायचा. शिसे आणि तांबे वाटीत मुरून जाई, चांदीचा मणी तेवढा मागे राही. तो पुन्हा तोलला की कस कळला. कमी भरली तर वस्तू तिथेच मोडून टाकत.

वर्षाच्या अक्षरावरून शौकीन लोक आज चमच्याचे वय सांगतात. पण ते अक्षर शौकिनांसाठी नव्हतेच. पुढे कधी खोट निघाली तर कोणत्या साली कोण तपासनीस होता हे कळावे आणि त्याला जाब विचारता यावा, यासाठी ते होते. करणाऱ्यावर पहारा आणि तपासणाऱ्यावरही पहारा! मला तर सिंहापेक्षा हे अक्षरच जास्त मोलाचे वाटते.

या शिक्क्यांच्या आधारावर एक बाई मोठी झाली. हेस्टर बेटमन तिचे नाव. नवरा साखळ्या घडवणारा. तो १७६० मध्ये वारला आणि हत्यारे तिच्या नावे ठेवून गेला. बाईला लिहिता-वाचता येत नव्हते असे सांगतात. तरी १७६१ साली तिने आपली 'एचबी' ही वळणदार अक्षरांची खूण संघाच्या दफ्तरी नोंदवली, आणि मुलांना हाताशी धरून चमचे, साखरेचे चिमटे, चहादाण्या घडवल्या. पातळ पत्रा, काठाला बारीक मण्यांची ओळ, मोजकी नक्षी; त्यामुळे माल मध्यम घरांनाही परवडे. माल एका विधवेचा की नामांकित पेढीचा, हे गिऱ्हाइकाने विचारायचे कारण नव्हते. दोघांच्या मालावर सिंह एकच! १७९० मध्ये, ऐंशी उलटल्यावर, तिने काम सोडले. पुढच्याच वर्षी तिचा एक मुलगा वारला, तेव्हा त्याची बायको ॲन दिराबरोबर दुकानात उभी राहिली आणि तिनेही आपली खूण नोंदवली.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरो चांदीवर शिक्का देते. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांकही मिळू लागला. तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर घालून पाहता येतो. ही योजना आली तेव्हा चांदीला सक्तीची नव्हती. म्हणजे आपण मागितल्याशिवाय सोनार शिक्क्याचा माल दाखवीलच असे नाही. पावतीवर वजनाबरोबर कसाचा आकडाही लिहून घ्यावा. ९२५ असेल तर शंभर भारांच्या ताटात साडेब्याण्णव भार चांदी, ८०० असेल तर ऐंशीच.

जर्मन सिल्व्हरच्या नावाला मात्र भुलू नका. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी नावालाही नाही. आणि शिक्क्याचे भांडे घरात असेल तर सुनांना सांगून ठेवा, सणाला उजळताना त्या जागेवर रांगोळी चोळू नये. अक्षरे झिजली की सोनार पुन्हा मान हलवायला मोकळा.