जुन्या शिरगणतीवर नव्या शाळांचे गणित

बंगळुरूच्या प्राथमिक शाळांत २०२६ मध्ये शिकणाऱ्या मुलांपैकी एकाचीही नोंद २०११ च्या जनगणनेत सापडणार नाही. त्या जनगणनेने शून्य ते सहा वयोगटात मोजलेली मुले आता पंधरा ते एकवीस वर्षांची झाली आहेत. २०२१ मध्ये व्हायची जनगणना महासाथीमुळे आणि नंतर पुढे पुढे ढकलली गेली. अखेर १६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भ दिनांक जाहीर केला. दरम्यानच्या काळात कोणती शाळा वाढवायची, कोणती शेजारच्या शाळेत विलीन करायची आणि कोणत्या भाषेचा शिक्षक कोठे द्यायचा, या प्रश्नांना लोकसंख्येचा आधार म्हणून शासनाकडे उरला तो याच जुन्या तक्त्याचा.

हा तक्ता किती जुना झाला आहे, याची कल्पना त्याच्याच आकड्यांवरून येते. बंगळुरू नगर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ६५ लाख ३७ हजार होती, ती २०११ मध्ये ९६ लाख २१ हजारांवर गेली. दहा वर्षांत सत्तेचाळीस टक्के वाढ ! ही वाढही सर्वत्र सारखी नव्हती. जुन्या पेठा जेमतेम वाढल्या आणि महादेवपुर, बोम्मनहळ्ळी, यलहंका या बाजूंची गावे पाहता पाहता शहरात विरघळली. ज्या शहराचा चेहरा दहा वर्षांत एवढा पालटतो, त्याच्या शाळांचे नियोजन पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर करणे म्हणजे मुलाच्या बारशाच्या मापाने त्याला मुंजीचे कपडे शिवण्यासारखे आहे.

तथापि अडचण केवळ आकड्यांच्या वयाची नाही. जनगणना आणि शिक्षण खाते यांचे नकाशेच एकमेकांशी जुळत नाहीत. कर्नाटकात महसुली जिल्हा आणि शैक्षणिक जिल्हा यांच्या सीमा सर्वत्र एक नाहीत. बेळगाव हा एकच महसुली जिल्हा शिक्षण खात्याच्या दृष्टीने बेळगाव आणि चिक्कोडी असा दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. कारवार आणि शिरसी यांची गोष्ट तीच. बंगळुरू नगर जिल्ह्याचे शिक्षण खात्याने उत्तर व दक्षिण असे दोन भाग केले. जनगणनेने २०११ मध्ये उत्तर, दक्षिण, पूर्व आणि आनेकल असे चार तालुके धरले. तेव्हा दोन शैक्षणिक जिल्ह्यांची तुलना करू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पूर्व तालुक्यातील मूल कोणत्या रकान्यात घालावे, याचे उत्तर जनगणनेच्या पुस्तकात मिळत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न संस्थात्मक पातळीवर सोडवलेला आहे. तेथील सुमारे तेरा हजार शालेय जिल्ह्यांना स्वतःच्या निश्चित सीमा आहेत आणि बहुतेकांना स्वतःचे कराचे उत्पन्न आहे. तेथील जनगणना विभाग प्रत्येक शालेय जिल्ह्यातील पाच ते सतरा वर्षांच्या गरीब मुलांचा अंदाज दरवर्षी प्रसिद्ध करतो. १९६५ च्या शिक्षण कायद्यानुसार मिळणारे केंद्रीय साहाय्य त्या अंदाजांच्या आधारे वाटले जाते. अर्थात तेथील व्यवस्थेचे दोषही याच सीमांतून जन्मले आहेत. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, ही विषमता घरांच्या किमतीत उतरली आहे. भारतात शैक्षणिक जिल्हा कर लावत नाही आणि पालकाला सरकारी सीमेने बांधत नाही, हे एका परीने बरेच आहे. परंतु मोजणी आणि शाळा यांची सांगड घालण्याची त्यांची शिस्त मात्र घेण्याजोगी आहे.

जिल्ह्याखालच्या पातळीवर उतरले की काळोख अधिक दाटतो. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात प्रभागनिहाय एकूण लोकसंख्या, सहा वर्षांपर्यंतची बालके, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामकरी यांचे आकडे मिळतात. सहा ते चौदा हा शिक्षणहक्काचा वयोगट त्यात नाही, मातृभाषाही नाही. शिवाय प्रभागच बदलत राहिले. २०११ च्या वेळी बृहत् बंगळुरू महापालिकेचे १९८ प्रभाग होते. पुढे ते २४३ करण्याचे ठरले, मग २२५, आणि २०२५ मध्ये एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका येऊन प्रभागांची संख्या साडेतीनशेच्या पुढे गेली. राजकीय गणितासाठी सीमा चार वेळा आखल्या गेल्या. शाळेच्या परिसराची सीमा कोणी एकदाही त्यांच्याशी ताडून पाहिल्याचे दिसत नाही.

या साऱ्याचा मराठी माणसाशी संबंध काय ? संबंध थेट आहे. राज्यघटनेचे ३५० अ हे कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. त्याच्याही आधी, १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने व्यवहार्य निकष घालून दिला होता : एका वर्गात दहा किंवा संपूर्ण शाळेत चाळीस मुले त्या भाषेची असतील, तर शिक्षक द्यावा. हा निकष शाळेच्या पातळीवरचा आहे. भाषेचे आकडे मात्र जिल्हा, तालुका आणि नगर यांच्या पातळीवर मिळतात, आणि २०११ चे हे आकडे प्रसिद्ध व्हायला २०१८ साल उजाडले. मोजमापाची पट्टी एक आणि मोजायची वस्तू दुसरी, असा हा प्रकार आहे.

कर्नाटकात २०११ मध्ये सुमारे वीस लाख मराठी भाषक होते. बंगळुरूमध्ये त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते. हे प्रमाण सर्वत्र सारखे पसरले आहे असे मानले, तर तीनशे मुलांच्या शाळेत सहा मराठी मुले येतात आणि चाळीसचा निकष कधीच पूर्ण होत नाही. परंतु माणसे सरासरीने राहत नाहीत. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून आलेले गलाई व्यावसायिक सराफी पेठांच्या आसऱ्याने राहतात. संगणक क्षेत्रातील मराठी कुटुंबे व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून या शहराशी नाते सांगणारी घराणी आणखी वेगळी. त्यांच्या घरात मराठी आणि व्यवहारात कन्नड असते. जनगणनेच्या भाषेच्या तक्त्यात हे सारे एकाच ओळीत येतात. त्यांच्या मुलांच्या गरजा मात्र एक नाहीत. गलाईवाल्याच्या मुलाला दोन-तीन वर्षांनी गावी परतावे लागले तर मराठी वाचता येणे ही त्याची निकड असते. अभियंत्याच्या मुलीसाठी मराठी हा बहुधा घरचा संस्कार असतो. कोणत्या पेठेत चाळीस मुले आहेत आणि कोठे चार, हे कळल्याशिवाय मागणीही नेमकी करता येत नाही आणि नकारही न्याय्य ठरत नाही.

हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लागू होतो, हे मराठी वाचकाने विसरू नये. मुंबई महापालिका मराठीखेरीज कन्नड, तमिळ, तेलुगू, गुजराती, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते. सोलापूर, अक्कलकोट आणि जत येथील कन्नड शाळांचे भवितव्यही अशाच आकड्यांवर अवलंबून आहे. बेळगावात मोजणी काटेकोर हवी आणि अक्कलकोटमध्ये ढोबळ चालेल, अशी भूमिका टिकणारी नाही.

आकड्यांच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. जनगणना वस्तीत कोण राहते हे सांगते. वर्गात कोण बसते हे सांगत नाही. ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादता येणार नाही, ती निवड पालकांची आहे, असे स्पष्ट केले. त्यामुळे चाळीस मराठी घरे असली म्हणजे चाळीस मराठी विद्यार्थी मिळतीलच असे नाही. पट कळण्यासाठी शाळांची स्वतंत्र माहितीप्रणाली आहे आणि २०२२-२३ पासून तीत एकेका विद्यार्थ्याची नोंद होते. वस्तीचा आकडा आणि पटाचा आकडा शेजारी ठेवले, की मुले आहेत पण शाळेत येत नाहीत, की मुळात मुलेच नाहीत, हा फरक उघड होतो. शाळा विलीन करण्यापूर्वी एवढे तपासणे हे उपकार नसून कर्तव्य आहे.

उपाय खर्चिकही नाही. नवी जनगणना अंकीय पद्धतीने होणार आहे. प्रगणकांच्या गटांना शिक्षण खात्याचा गट आणि जवळच्या सरकारी शाळेचा परिसर जोडून दिला, तर सहा ते चौदा वयोगट, मातृभाषा आणि शाळेतील उपस्थिती यांचे तक्ते शैक्षणिक गटनिहाय काढता येतील. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे. ती मर्यादा पाळून, अगदी लहान आकडे झाकून, एकत्रित तक्ते देण्यास अडचण नसावी. यासाठी राज्य सरकारने आपली मागणी जनगणना संचालनालयाकडे वेळेत नोंदवली पाहिजे. तक्त्यांचे आराखडे पक्के झाल्यावर केलेल्या तक्रारीला अर्थ उरत नाही.

या मागणीला नैतिक बाजूही आहे. शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना शिक्षणेतर कामांपासून मुक्त ठेवते, पण दशवार्षिक जनगणनेचा त्याला अपवाद करते. २०२५ मध्ये कर्नाटकाच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी सरकारी शिक्षकच घरोघरी फिरले आणि त्यासाठी दसऱ्याची सुटी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. ज्या वर्गांचे दिवस खर्ची घालून मोजणी होते, त्या वर्गांना मोजणीचे फळ मिळू नये, हे समर्थनीय नाही.

मराठी कुटुंबांकडून अपेक्षा छोटी आहे. प्रगणक मातृभाषा विचारतो तेव्हा त्याचा अर्थ लहानपणी आईने मुलाशी जी भाषा बोलली ती, असा असतो. मुलाच्या शाळेचे माध्यम किंवा शेजाऱ्याला बरी वाटणारी भाषा तेथे लिहायची नसते. दुसरी भाषा म्हणून कन्नड येत असेल तर तीही अभिमानाने नोंदवावी. त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. या दोन ओळी नीट भरल्या गेल्या, तर पुढील दहा वर्षे कोणत्या वर्गात कोणता शिक्षक उभा राहील, हे ठरवताना अधिकाऱ्यापुढे निदान खरा कागद असेल.