तीन दिवसांचा समुद्र

मेक्सिकोच्या आखातातील रेड स्नॅपर हा कोकणच्या तांबोशाचा जातभाई. २०१७ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या बोटीतून गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या हद्दीत अवघे ३ दिवस दिले. गहजब होताच व्यापार खात्याने ३९ दिवस वाढवून दिले. माशांचा साठा पूर्ववत होण्यास त्यामुळे विलंब लागू शकेल, हे स्वतःच मान्य करून! भाड्याच्या बोटींना ४९ दिवस का, ही हौशींची तक्रार. वस्तुतः टेक्साससारख्या राज्यांनी आपले किनारी पाणी वर्षभर खुले ठेवल्यानेच त्यांचे दिवस घटले होते. आणि ज्याच्यापाशी बोट नाही, त्याला भाड्याच्या बोटीखेरीज समुद्र कोठला? २०२० पासून तर हौशी बोटवाल्यांचा हंगाम राज्येच ठरवितात.

धंदेवाईकांचा ५१ टक्के वाटा २००७ पासून हस्तांतरणीय हक्कांत विभागलेला आहे. त्याने बेबंद स्पर्धा थांबली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हक्कदार किनाऱ्यावर बसून आपला वाटा भाड्याने देऊ शकतो आणि समुद्रात जाणारा त्याला खंड भरतो. कूळकायदा झालेल्या महाराष्ट्राला ही व्यवस्था अपरिचित नाही. हा हक्क प्रत्यक्ष मासे पकडणाऱ्यालाच, तोही मुदतीने, दिला पाहिजे.