दोन मोटारींएवढे घर

परभणी असो की जिंतूर, बाजारातला हातगाडा ‘रहदारीला अडथळा’ म्हणून हटविला जातो, तेव्हा आम्ही मागच्या इमारतीकडे पाहतो. तळमजल्यावर वाहनांसाठी सोडलेल्या जागेत दुकाने थाटलेली असतात अन् गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली रस्त्यावर. तो अडथळा कोणाला दिसत नाही!

वास्तविक राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून परभणी महापालिकेलाही लागू आहे. घर, दुकान, मंगल कार्यालय बांधताना वाहनांची जागा साधारणपणे आपल्याच आवारात सोडायची. एका मोटारीला अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. रमाई आवास योजनेतले आपले घरकुल २६९ चौरस फुटांचे. दोन मोटारी मावतील तेवढ्यात आपला अख्खा संसार!

इमारतीच्या खांबांमधली वाहनतळाची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या एका खटल्यात दिला. आणि पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे पाहणी होऊन प्रमाणपत्रे वाटेपर्यंत विक्रेत्याला उठविता येत नाही. भाजी विकणाऱ्या आमच्या माता-भगिनींना हे कोणी सांगितलेच नाही.

मंजूर नकाशात वाहनतळ कोठे दाखविला आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून विचारता येते. अर्ज लिहिता येत नसेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे, आम्ही लिहून देऊ.